धुऱ्यावरची परीक्षा

“चाल नं वो बाई! आमाले चालवलं, आता तू चालून दाखव!” नथ्थू ओरडला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या गड्यांनाही एकाएकी न्यायाची फार काळजी वाटू लागली.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त जरा लपून. गावातल्या बायांच्या समितीकडे वास मोजायचं यंत्र नाही, म्हणून सुगंधाबाईनं आपली परीक्षा काढली होती. संशयिताला भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून, दोन्हीकडच्या चिखलांमधल्या वीतभर बांधावरून, चालवायचं. पडला तो प्यायलेला. त्यानं शाळेचं अंगण झाडायचं. नथ्थूनं ते इतक्यांदा झाडलं होतं की मास्तरांनी शिपायाची मागणीच सोडून दिली.

आणि आता सुगंधाबाईच झोकांड्या खात होती.

उन्हाळ्यात तिला झोपेत झटके आले. माहीत फक्त मयुरीला, तिच्या पोरीला. गडचिरोलीच्या डॉक्टरनं मिरगीची गोळी वाढवून दिली आणि बजावलं, “तोल जायला लागला तर लगेच या. मनानं बंद करू नका.” तोल गेला. जमीन वैनगंगेतल्या डोंग्यासारखी हलू लागली. पण भाताची रोवणी लागली होती, आणि रोवणीच्या दिवसांत डॉक्टरकडे जाते ती बाई आमच्याकडे आळशी ठरते.

गोळीचं नाव घेतलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण वडश्याच्या लोकांनी मयुरीला पसंत केलं होतं. मिरगीवालीची पोर कोण करतो? आणि गप्प राहिलं, तर ती प्यायलेली ठरणार, समिती मोडणार. त्यासाठीच धनराज मागे छत्री धरून उभा होता. दारूची भट्टी त्याची. पिणाऱ्यांना पुढे करून विकणारा नेहमी मागेच असतो, पांढऱ्या सदऱ्यात.

सुगंधाबाई धुऱ्यावर चढली. थोडी चालली. मग धुरा सरकला, आणि ती चिखलात बसली.

काय हसले! स्वतःच्या लेकरांचं नाव ठेवतानाही हे लोक इतके खुश झाले नसतील.

नथ्थूनं वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. “वास तं नाई येऊन राह्यला.”

“विलायती असन,” धनराज म्हणाला. “सांगा नं बाई, पेली का नाई? मंग समिती काऊन पायजे?”

तिनं कडेला उभ्या असलेल्या मयुरीकडे पाहिलं. तोंडावरचा चिखल पुसला.

“हो,” ती म्हणाली. “पेली मी.”

“खोटं बोलून राह्यली माय!” मयुरी पुढे आली. “मिरगीच्या गोळ्या खाते ते. गोळीनं तोल जाते तिचा. तुमच्यासारखी लोळत नाई ते, पिऊन.”

हसणं तुटलं. मघाशी अंगावर येणारे गडी मागे सरकले, जणू मिरगी उडी मारून चावते. एका शहाण्यानं तर चप्पल काढून हातात घेतली, हुंगवायला. चांगल्या शुद्धीत बसलेल्या बाईला!

धनराजनं मान हलवली. फार दुःख झाल्यासारखी. “वडश्यावाल्याइले सांगा लागन आता. आपलं कर्तव्य आहे बाप्पा.”

“मीच सांगीन, काका,” मयुरी म्हणाली. “तुमी भट्टी सांभाळा. आज सांजेले येते समिती.”

छत्री वळली. तिच्यामागे एकेक जण निघाला. नथ्थू तेवढा घुटमळला, “मले का मालूम वो बाई,” असं काहीतरी पुटपुटला आणि तोही गेला.

“काऊन बोल्ली वो?” सुगंधाबाईनं विचारलं. “चांगलं ठिकाण होतं.”

“उद्या डॉक्टरकडं जाऊ. ऊठ.”

धुऱ्यावरून एकच माणूस जाऊ शकतं. म्हणून दोघी चिखलातूनच निघाल्या, हातात हात धरून, गुडघ्यापर्यंत रुतत. मधेच पायाखाली रोप आलं की सुगंधाबाई थांबायची, वाकून ते पुन्हा नीट रोवायची. तेवढा वेळ मयुरी तिच्या कमरेला धरून उभी राहायची.