एका बाजूचा उजेड

पाचशे वॅटचा एक हॅलोजन.

गुंजवण्याच्या वरच्या वस्तीत एकाच आठवड्यात मेलेली दोन करडं.

भोरच्या एसटी स्टँडसमोर पाटी: 'मुजफ्फर फोटो. आता कॉम्प्युटरवर.' साल २००५.

नळाच्या ओट्यावर एकच कळशी, एका म्हातारीची. बाकीच्या बायका लांब उभ्या.

या सगळ्याच्या मधोमध एक फोटो आहे. तो मी काढला.

भागूबाई त्या वरच्या वस्तीत शेळ्या राखतात, एकट्या राहतात. निराधार योजनेच्या अर्जाला फोटो हवा म्हणून भोरला आल्या. तो झाल्यावर मी हौसेनं आणखी एक काढला. मागं काळा पडदा, हॅलोजन एका बाजूला, दुसरा गाल अंधारात. मग कॉम्प्युटरवर रंग काढून टाकले, काळं आणखी काळं केलं, एकेक सुरकुती धारदार केली. कड्यासारखा चेहरा झाला. मी खूष. फ्रेम करून त्यांना भेट दिली. त्यांनी ती दाराशी टांगली.

महिन्याभरानं टेम्पोवाला म्हणाला, "मुजफ्फरभाई, तुमच्या फोटोत चेटूक निघालंय म्हनं. अमावास्येला म्हातारीला वस्तीतनं काढत्यात."

मी फोटोंची दोन पाकिटं पिशवीत टाकली आणि निघालो.

शाळेपुढं सगळी वस्ती. मधे बाजी देवऋषी, हातात ती फ्रेम.

"बघा! चेटकानं निम्मं त्वांड खाल्लंय! मानसाला दिसत न्हाई ते यंत्राला दिसतं. यंत्राला ना आई, ना भावकी. ते कशाला कुनाची भीड धरंल?"

"माझी करडं हिनंच खाल्ली!" धोंडाबाई ओरडल्या.

भागूबाई पलीकडे बांधावर, शेळ्यांत. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाल्या, "मुजफ्फर, खरंच आसं हाय का रं माझं त्वांड?"

"फोटो कसा झाला ते सगळ्यांनाच दाखवतो," मी म्हणालो. मी धोंडाबाईंना शाळेच्या खोलीत नेलं. लोक मागोमाग. खिडक्या लावल्या आणि बॅटरी त्यांच्या एका गालाशी धरली.

"आगं बया! धोंडीतबी शिरलं!" मागून एक जण ओरडला.

"तुज्यात शिरंल, मेल्या!"

बॅटरी समोर आणली. परत त्याच धोंडाबाई, नाकात चमकी, रागानं लाल.

"बॅटरीचं सोड," बाजी म्हणाला. "ह्या रेघा? हे काळं?"

मी पहिलं पाकीट उघडलं. तोच फोटो, कॉम्प्युटरवर घालण्याआधीचा. अंधारातल्या गालावर फिकट रंग, साध्या सुरकुत्या, ओठांवर जरासं लाजरं हसू. दुसऱ्या पाकिटात बाजी.

"बाजीराव, तुमच्या घरी डोक्यामागं तेज असलेला फोटो आहे ना? लोक हार घालतात तो? हा त्याचा मूळ."

मुळात डोक्यामागं माझ्या स्टुडिओतला टेबलफॅन होता.

"तेज टाका म्हणून तुम्हीच सांगितलंत. ज्या कॉम्प्युटरनं तुम्हाला तेज दिलं, त्यानंच यांना काळोख दिला. तुम्हाला ते ठाऊक होतं."

आधी एक हसला, मग सगळे. बाजी चपला शोधू लागला. "देवाचं काम हाय, तुला न्हाई उमगायचं," म्हणाला आणि टेकाड उतरून गेला.

करडं आंत्रविषारानं, शेळ्यांच्या आतड्याच्या रोगानं, मेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. लस टोचली की टळतं. अमावास्येचा बेत मोडला. लोक हसत घरी गेले. बांधाकडे कुणीच गेलं नाही.

फोटो कुणाच्या आतलं दाखवत नाही. उजेड कुठून आला आणि नंतर कोणी काय केलं, एवढंच दाखवतो. म्हणून फोटो पुढं करून कुणी माणसाला भूत म्हणालं, तर हे दोन प्रश्न विचारा. आणि चार पावलं चालून त्या माणसाकडे जा, दिवसाउजेडी बघा, बोला. मीही हे उशिराच शिकलो.

त्या दुसऱ्या फोटोला बसण्याआधी भागूबाईंनी माझ्याकडे पावडर मागितली होती. सुरकुत्या झाकतील म्हणून मी दिली नाही.