मैनेसाठी ट्रेलर

बेळगावच्या कोर्टात गोपाळ वकिलाची ख्याती अशी, की कज्जा त्याच्याकडे गेला की अशिलाच्या पोराला मिसरूड फुटेपर्यंत तारखाच पडायच्या. त्यामुळे आपली घोडी कशातून न्यायची याचा निकाल त्याने फक्त तीन महिन्यांत लावला, याचंच बाररूममध्ये सगळ्यांना नवल वाटलं.

घोडीचं नाव मैना. घोडागाडीच्या शर्यतीत पळणारी. कागदावर ती गोपाळची. पावती त्याच्या नावाची, फोटोत लगाम त्याच्या हातात. वैरण, खरारा, नाल आणि पहाटेची फेरी मात्र उचगावात शेती करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाकडे, मारुतीरावांकडे. शेणही सगळं मारुतीरावांकडेच.

निपाणीकडच्या जत्रेतल्या शर्यतीला मैना दरवर्षी शामूच्या छोट्या लॉरीतून जायची. शामू लॉरी शेताच्या बांधाला मागून लावायचा आणि फाळका पाडायचा. बांध आणि लॉरीचा तळ एका उंचीला आले की मैना सोप्यातून परसात जावं तशी आत चालत जायची. पण यंदा गोपाळने मोबाइलवर परदेशातले घोडे पाहिले. ते जीपमागच्या ट्रेलरमधून, खिडकीतून तोंड काढून फिरत होते. तेव्हापासून लॉरी त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. बाररूममध्ये चर्चा झाली, बाजू मांडल्या गेल्या, चहा झाले. ज्यांनी घोडा फक्त वरातीत पाहिला होता त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती. शेवटी उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून ट्रेलर तयार होऊन आला. पांढराशुभ्र, आत पंखा, खाली रबर, मागे चढायला पोलादी पत्र्याचा उतार, आणि दोन्ही बाजूंना ‘ॲडव्होकेट गोपाळ’ हे नाव. घोडीचं नाव घालायला जागा उरली नाही.

मारुतीरावांनी उतारावर काठी आपटून पाहिली. पत्रा घुमला.

“मैना पोकळ वाजणाऱ्या पत्र्यावर पाय ठेवत न्हाय रं,” ते म्हणाले. “आणि शर्यतीची गाडी कशातनं नेणार?”

गाडी ट्रेलरमध्ये मावत नव्हती. हा मुद्दा बाररूममध्ये कुणीच काढला नव्हता.

“गाडी शामूच्या लॉरीतून येईल,” गोपाळ म्हणाला. “घोडी ट्रेलरमधून.”

“म्हणजे लॉरी न्यायचीच हाय. मग घोडी तिच्यातच चढली तर काय बिघडतंय?”

“अण्णा, लॉरीतून शेणखत जातं. काही शोभा आहे की नाही?”

“शोभा आसंल. खरं मैना त्यातनं मैदानाला पोचत न्हाय. लिहून घे.”

वकिलाला असं बोलू नये. दुसऱ्याच दिवशी गोपाळ स्टॅम्पपेपर घेऊन उचगावला आला. निशाण पडण्यापूर्वी मैना सदर ट्रेलरमधून मैदानावर पोहोचल्यास ती कायमची बेळगावात, गोपाळच्या बंगल्यामागे राहायला येईल. न पोहोचल्यास, कोणतंही कारण ऐकून न घेता, तिची मालकी मारुतीरावांकडे जाईल. मारुतीरावांनी कागद दोनदा वाचला. मैना गोठ्यातून गेली तर आपण पहाटे उठायचं कशाला, हे त्यांना कळेना. तोंड उतरलं, पण बोललेला शब्द गिळायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सही केली. गोपाळला मनापासून आनंद झाला. थोरल्या भावाशी वाद जिंकायची संधी त्याला जन्मात पहिल्यांदा मिळत होती.

शर्यतीच्या सकाळी गोपाळ जीप घेऊन शेतावर आला. समोर मोबाइल लावला, कानांत इअरफोनची बोंडं घातली, काचा चढवल्या आणि लाइव्ह सुरू केलं. मागे मारुतीराव मैनेला उताराकडे नेत होते. घोडी चढवणं हे अण्णाचं काम आणि दाखवणं आपलं, अशी वाटणी पहिल्यापासूनच होती. थोड्या वेळाने दार धाडकन लागलं. आरशात मारुतीराव दोन्ही हात हलवताना दिसले. गोपाळनेही हात हलवला आणि निघाला.

हायवेवर त्याने दीड तास व्याख्यान दिलं. “घोडी आत आहे हे जाणवतसुद्धा नाही,” तो चढावर म्हणाला. “बघा, किती हलका येतोय ट्रेलर. याला म्हणतात इंजिनिअरिंग.” मारुतीरावांचा फोन चार वेळा आला. लाइव्ह तुटेल म्हणून त्याने चारही वेळा कापला.

मैदानावर हलगी वाजली. पंचांनी फेटा बांधला. गोपाळने जमलेल्या माणसांना दोन पावलं मागे सरायला सांगितलं, मोबाइल उंच धरला आणि स्वतःच्या हाताने दार उघडलं.

आत पंखा फिरत होता. खाली हरभऱ्याची बादली होती, मैना नव्हती.

हलगीवाला सवयीने वाजवतच राहिला. कुणीतरी म्हणालं, “वकीलसाहेब, पुढची तारीख घ्या.” गोपाळच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अर्ध्या तासाने शामूची लॉरी आली आणि मैदानाच्या कडेच्या बांधाला मागून लागली. फाळका पडला. मैना शेपटी उडवत बाहेर आली, मागोमाग मारुतीराव.

“चढली न्हाय रं ती,” ते म्हणाले. “लॉरीतनंच न्यावी म्हणून दार लावलं, लई हाका मारल्या, हात केले. तू गेलास.”

निशाण पडलं. मैना दुसरी आली. पंचांनी मालकाचं नाव विचारलं, तेव्हा मारुतीरावांनी खिशातून कागद काढला. कर्ण्यावरून आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये जाहीर झालं, “उचगावचे मारुतीराव.” समजलं नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

गोपाळ मैनेजवळ गेला, हाक मारली. तिने कानसुद्धा हलवला नाही. ती मारुतीरावांच्या खिशात गूळ शोधत होती. गोपाळला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं, आणि वाईट वाटलं की तो नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. मारुतीरावांच्या हातातला कागद घेऊन तो रिकाम्या ट्रेलरच्या उतारावर बसला आणि पळवाट शोधू लागला. ‘सदर ट्रेलरमधून’ पक्कं होतं. ‘कोणतंही कारण ऐकून न घेता’ त्याहून पक्कं होतं. त्याने कागद तीनदा वाचला. वीस वर्षांत इतका चोख मसुदा त्याने एकाही अशिलाला करून दिला नव्हता.