स्वतःच्याच अर्जावरचा अभिप्राय

शंका काढण्यात तिच्या नवऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावीस वर्षं पाण्यावर संशोधन केलेला माणूस, भाजीत मीठ जास्त झालंय हे म्हणण्याआधीही तीनदा चव घेणार. माहेरी सगळे त्याला शंकासुरच म्हणत आणि तीही हसत असे. पण त्या गुरुवारी दुपारी तिचं हसू पार पळालं.

कपडे दुरुस्तीच्या दुकानातून ती जेवायला घरी आली, तर प्रिंटरवर एक कागद पडलेला. वर ठळक अक्षरांत, ‘परीक्षकाचा अभिप्राय’. नवरा नेहमी कुणाकुणाचे लेख तपासून असे अभिप्राय लिहायचा. लावली आणखी कुणाची तरी वाट, असं पुटपुटत ती कागद बाजूला ठेवणार, तेवढ्यात नजर शेवटच्या ओळीवर गेली. ‘दावे अतिशयोक्त आहेत. सध्याच्या स्वरूपात हा अर्ज मान्य करू नये.’ आणि अर्जदार म्हणून नाव होतं खुद्द नवऱ्याचं.

त्या अर्जावर त्यांचं सगळं घर टांगलेलं होतं. संशोधक म्हणून त्याला या देशात कायमचं राहण्याची परवानगी मिळाली, तर बायकोला आणि लेकीलाही मिळणार होती. अट एकच, लेकीला एकवीस पूर्ण व्हायच्या आत फाईल सरकारी कचेरीत पोचायला हवी. ठकीला शनिवारी एकवीस पूर्ण होत होती. ही फाईल फेटाळली गेली तर दुसरी करता आली असती, पण त्या दुसरीत ठकीला जागा नव्हती. वास्तुकला शिकणारी ती पोर शिक्षण संपलं की एकटीच परत जाणार आणि आईबाप इथे. वर्षभर या विचाराने तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. आणि सह्या झालेलं ते जाडजूड पाकीट आज सकाळी तिनेच वकीलबाईंच्या ऑफिसात नेऊन दिलं होतं!

तिने तडक नवऱ्याला फोन लावला.

“अहो, हा अभिप्राय कसला?”

“तो ना? पाकिटात सगळ्यात वर ठेवलाय मी.”

“का पण?”

“अगं, वकीलबाईंनीच कळवलं होतं, मसुदा वाचून काही सूचना असतील तर द्या म्हणून.”

“सूचना म्हणजे तारखा, पत्ते! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला नव्हतं सांगितलं.”

“पण चौथ्या पानावर लिहिलंय, ती पाणी तपासायची पद्धत मी शोधली. मी नाही शोधली ती. दुसऱ्याचं काम माझं म्हणून कसं सांगू?”

ती जास्तच चिडली. “तुम्ही आत्ताच्या आत्ता वकीलबाईंकडे या,” म्हणून तिने फोन ठेवला आणि ताटावरचं झाकणही न काढता निघाली.

वकीलबाईंचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आणि भिंतीला एक कपाट. कपाटात अशिलांनी कौतुकाने भेट दिलेले जाडजाड प्रबंध. एकाचंही पान कुणी उलटलेलं दिसत नव्हतं.

“तुमची फाईल?” कारकून म्हणाला. “ती साडेअकरालाच गेली. बाई स्वतः घेऊन गेल्या.”

ती तिथेच एका खुर्चीत बसली. दहा मिनिटांनी नवरा धापा टाकत आला, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. वाटभर तिने त्याच्यासाठी बरंच काही जमवून ठेवलं होतं, पण तो समोर आल्यावर तिच्या तोंडून एवढंच निघालं, “आपल्या पोरीचं काय करायचं आता?”

“मी असा विचारच केला नाही गं,” तो म्हणाला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

वकीलबाई आल्या त्या हातातला कागद हलवतच, आणि दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेल्या. “बरं झालं आलात. सकाळी किती फोन केले, प्रोफेसर!”

“तळघरातल्या यंत्रापाशी होतो. तिथे फोन लागत नाही.”

“बाई, तो अभिप्राय…” ती म्हणाली.

“हा?” वकीलबाईंनी टेबलाच्या खणातून तो कागद काढला. “तेवीस वर्षं प्रोफेसरांच्या फाइली करतेय मी. पाकीट उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. एकाने अर्जाला सत्तेचाळीस तळटिपा जोडल्या होत्या. पण माझा अर्ज फेटाळा म्हणणारे तुमचे हे पहिलेच.”

तिचा जीव भांड्यात पडला.

“कागद नाही पाठवला,” वकीलबाई चष्मा लावत म्हणाल्या, “पण त्यातला मजकूर पाठवला.”

भांड्यात पडलेला जीव पुन्हा टांगणीला लागला.

“ऐका. ‘ही पद्धत अर्जदाराने शोधलेली नाही. त्याने फक्त एवढंच दाखवलं, की उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की ही तपासणी विषारी पाण्यालाही चांगलं म्हणते. त्यामुळे फक्त एकसष्ट विहिरी बंद झाल्या.’ फक्त! प्रोफेसर, किती माणसं पीत होती हो ते पाणी?”

“नऊएक हजार. नेमका आकडा…”

“राहू द्या नेमका. दीड वर्ष विचारतेय, तुम्ही केलंय काय, आणि तुम्ही मला आलेख पाठवताय! तुमचा आक्षेप खरा होता. माझ्या निवेदनातला तो शोधाचा दावा मी खोडला आणि तिथे हे घातलं, तेवढं ‘फक्त’ काढून. सही माझीच लागते त्यावर. तरी वाचा. चूक असेल तर उद्यापर्यंत बदलता येईल.”

त्याने दोनदा वाचलं. “बरोबर आहे,” म्हणाला.

“नऊ हजार माणसं,” ती म्हणाली. “मला कधी बोलला नाहीत.”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं?”

या माणसाला ओरडावं की मिठी मारावी, हे तिला कळेना. टेबलावर पोचपावती होती. त्यावर तिघांची नावं आणि गुरुवारचा शिक्का. ठकीच्या नावावरून तिने हळूच बोट फिरवलं.

निकाल अकरा आठवड्यांनी आला. ती एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही आखूड करत होती, तोंडात टाचण्या होत्या आणि फोन वाजला. “मंजूर,” वकीलबाई म्हणाल्या. “तिघांचंही.” तिने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली, आणि मग गिऱ्हाइकाच्या देखत खुशाल रडली. नवऱ्याला कळवून झाल्यावर तिने ठकीला फोन लावला.

“मंजूर झालं, तिघांचंही,” असं तिने दोनदा सांगितलं.

“ठके, ऐकलंस ना? राहायचंय तुला इथे. आमच्याजवळ.”

“ऐकलं. आई, मी आता ड्रॉइंगचं टेबल घेऊ?”

“टेबल? तुला तर जमिनीवर बसूनच काढायला आवडतं ना?”

“जमिनीवर कुणाला आवडेल गं? मान मोडते नुसती. पण म्हटलं, टेबल काही बॅगेत घालून नेता येत नाही.”

तीन वर्षं ती लेकीच्या पसरलेल्या कागदांवरून पाय उचलून जात होती, आणि तिला वाटत होतं, पोरीचं आपलं एक खूळ आहे.

“घे,” ती म्हणाली. “चांगलं मोठं घे. थांब, मीच येते. आजच जाऊ.”