बुनलॉमच्या बियांवरचा दिवा

तुम्हीच मारलंत त्यांना, आणि वर त्याला माया म्हणता! नाव मी कुणाचंच घेणार नाही. इवल्या कुंडीतल्या कोवळ्या रोपाकडं बघून "बिचारं तहानलं असेल" म्हणत ज्यानं कधी पेला उपडा केला असेल, त्यानं मनातल्या मनात ओळखावं. तहानेनं मेलेलं रोप मी अजून पाहिलेलं नाही. बुडून मेलेली मात्र पाहिली, एकामागून एक, अगदी डोळ्यांसमोर. आणि मला डोळे मिटायचीही सोय नाही.

मी दिवा बोलतोय. रोपांवर टांगायचा दिवा.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या पाटीवर बारीक ठिपके ओळीनं चिकटवले, बहुतेक पांढरे, मधेमधे तांबडे. मागं तार जोडली, आणि एका बाईनं मला एकदा पेटवून पाहिलं, "लागतोय" म्हणाली आणि खोक्यात घातलं. माझं बारसं ते एवढंच.

खोक्यातून बाहेर आलो तो थायलंडात, खोनकेनच्या बाजारात, लुंग चुअपच्या दुकानात. लुंग म्हणजे काका. वयानं आणि पोटानं तो साऱ्या बाजाराचाच काका होता. जन्मभर त्यानं माशांच्या टाक्या विकल्या. सरकारनं गांजाचं झाड मोकळं केलं त्या वर्षी त्यानं दुकानाच्या पाटीवरच्या सोनमाशावर भलंमोठं हिरवं पान चिकटवलं. माशाची शेपटी तेवढी खालून दिसत राहिली.

तिथंच मला कन्निका भेटली. अंगाला सोयाबीनच्या दुधाचा वास, केस टोपीत कोंबलेले. पहाटेपासून बाजारात गरम दूध आणि तळलेल्या पिठाच्या कांड्या विकून ती थेट दुकानात आली होती.

"लुंग, घरात गांजा लावायचाय. पण पाचव्या मजल्यावर राहते, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे."

"ओढणार कोण? नवरा?"

"नवरा असता तर त्यालाच पाणी घालत बसले असते, झाड कशाला? आईच्या रश्श्यात पान टाकायचंय."

लुंग चुअप पोट हलवत हसला, पण मला खाली काढताना त्यानं सगळं नीट समजावलं. बी ओल्या कागदात गुंडाळून झाकून ठेव, मोड आला की मोडाचं तोंड खाली करून मातीत अलगद ठेव. टरफल टोपीसारखं डोक्यावर राहिलं तर ओढू नकोस, त्याचं ते पाडेल. दिवा फार वर नको, फार खालीही नको. रोपाच्या उंचीवर तळहात उपडा धर, चटका लागला तर रोपालाही लागतो. खत इतक्यात नको, लेकराला कुणी तिखट भरवतं का? छोटा पंखा लाव, वाऱ्यानं देठ घट्ट होतो. "आणि पाणी," तो म्हणाला, "पाणी घालायचं म्हणून घालायचं नाही. मातीत बोट घाल. पहिलं पेर कोरडं लागलं तरच."

कन्निकानं मान डोलावली. मला कडेवर घेऊन ती घरी आली.

घर म्हणजे एक खोली, आणि माझं घर म्हणजे त्या खोलीतलं कपाट. आतून तिनं चंदेरी कागद लावला, दार काढून टाकलं आणि मला वरच्या दांडीला साखळीनं टांगलं. जीव टांगणीला लागतो असं तुम्ही म्हणता. माझा जीव आणि देह दोन्ही टांगणीला लागलेले. माझी तार भिंतीतल्या प्लगवरच्या एका घड्याळात खोचलेली होती. ते म्हणेल तेव्हा पेटायचं, ते म्हणेल तेव्हा विझायचं. माझ्या मनाला कुणी विचारलं नाही.

मी पहिल्यांदा पेटलो तेव्हा खोलीभर गुलाबीसर उजेड पडला. कन्निकाची आई, सिम्मा, चटईवरून दचकून उठली.

"अगं बाई! हे काय, दारूचा गुत्ता काढलास होय?"

समोरच्या इमारतीतूनही कुणीतरी ओरडलं, "याय, गाणी कधी सुरू होणार? आम्ही येतो ना!" याय म्हणजे आजी. यायनं खिडकी धाडकन लावली आणि मग स्वतःच हसली. कन्निका आईकडं बघतच राहिली. पुष्कळ दिवसांनी हसली होती ती.

त्याचं कारण मला हळूहळू कळलं. सिम्माचा नवरा बुनलॉम गेल्या वर्षी गेला. सकोननखोनच्या डोंगराजवळ त्यांचं गाव. बंदीच्या काळातही त्यानं बांबूच्या बेटामागं गांजाची दोन-चार झाडं लपवून जपली होती. विकायला नाही, कोंबडीच्या रश्श्यात पान टाकायला. तो गेला, जमीन भावानं नांगरली, झाडं गेली. उरल्या त्या बामच्या डबीतल्या बोटांवर मोजाव्यात इतक्या बिया. कन्निका आईला शहरात घेऊन आली. आईनं जेवण जवळजवळ सोडलं. चिकट भाताचे दोन गोळे खाल्ले की हात धुवायची.

"रश्श्याला चवच नाही गं. तुझ्या बापाचं पान पडलं की बघ, ताट चाटून पुसून देईन."

एवढंच होतं सगळं. डबीतल्या एका बीचं झाड व्हायला हवं होतं. ते झालं की त्याच्या बिया होणार होत्या, पानं होणार होती, आणि एक म्हातारी पुन्हा जेवणार होती. कळतंय ना तुम्हाला, किती थोडं मागणं होतं?

पहिल्या खेपेला चूक कन्निकाची झाली. रोपं भाजतील या भीतीनं तिनं मला अगदी वर ओढून बांधलं. टरफलाची टोपी पाडून दोन पोरं बाहेर आली, आणि उजेड कुठं, उजेड कुठं करत सुतासारखी लांबत गेली. मला खाली येता येत नव्हतं, आणि ती वर यायला धडपडत होती. शेवटी स्वतःचंच डोकं पेलवेना, आणि दोघं आडवी झाली. कन्निकानं तळहात धरून पाहिला, कपाळाला हात लावला आणि साखळी खाली सोडली. चूक कळली, सुधारली. अशा माणसावर राग धरवत नाही.

दुसऱ्या खेपेची पोरं मात्र कशी गुटगुटीत! बुटकी, जाड देठाची. कातरलेल्या कडांची पहिली खरी पानं फुटली, पंख्याच्या वाऱ्यावर ती डुलायची. कन्निका बाजारातून आली की चपला काढायच्या आधी त्यांना बघायची. आणि मी? मी काय पेटत होतो म्हणून सांगू!

पण पहाटे, कन्निका बाजाराला गेली की जे व्हायचं ते फक्त मला दिसायचं.

सिम्मा भाताची टोपली घेऊन खाली जायची. रस्त्यानं भिक्षू येत, त्यांच्या पात्रात ती मूठभर भात वाढायची. वर आल्यावर पितळी लोटीतून वाटीत संथ धार धरायची, ओठांतल्या ओठांत बोलत. दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं म्हणून असं पाणी सोडतात आणि मग ते झाडाच्या बुंध्याशी ओततात. धरणीमाता ते ज्याचं त्याच्याकडं नेते. गावाकडं चिंच होती. इथं खाली सगळं सिमेंट, आणि देवळातल्या पिंपळापर्यंत चालायला गुडघे कुठं होते? मग सिम्मा गुडघ्यांवर हात टेकत माझ्यापुढं यायची आणि भरली वाटी त्या दोन कुंड्यांत रिकामी करायची.

"घ्या हो," म्हणायची. "तुमच्याच झाडापाशी सोडलंय. आता वाट चुकायची नाही."

रोज. मी वर लटकून बघत होतो. अहो, थोडं लुकलुकता आलं असतं, एकदा फट्कन विझून दाखवता आलं असतं, तरी म्हातारी थबकली असती! पण घड्याळानं पेट म्हटलेलं, मी पेटलेला. वर माझ्याच उजेडात ती धार अशी चमकायची, की तिला वाटावं, मीसुद्धा हात जोडतोय.

कन्निका मातीत बोट घालायची. ओली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. ती पाण्याचा थेंब घालत नव्हती आणि माती वाळत नव्हती. मग एका सकाळी मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसला, आणि दुपारपर्यंत दोन्ही रोपं झोपली.

"हा दिवाच भिकार आहे!" असं म्हणून तिनं मला साखळीवरून उतरवलं आणि लुंग चुअपसमोर आपटलं. मुकाट्यानं आळ सोसणं म्हणजे काय, ते मला विचारा.

लुंगनं मला पेटवून पाहिलं. "दिवा ठणठणीत आहे. पाण्यानं मेलीत ती."

"मी पाणीच घालत नाही!"

"मग माती वाईट." त्यानं तिला रेताड माती विकली, निचऱ्याला पांढरे खडे विकले, आणि बुरशी येऊ नये म्हणून वर भुरभुरायला दालचिनीची पूडही विकली. कपाटाला बिर्याणीचा वास येऊ लागला, फरक शून्य. आणखी दोन रोपं गेली.

तेव्हा तिनं घरी विचारलं. मी कान टवकारले, म्हणजे कान असते तर टवकारले असते.

"आई, तू रोपांना पाणी घालतेस का गं?"

"छे! तूच बजावलंस ना, हात लावायचा नाही म्हणून."

खोटं बोलली नाही हो म्हातारी. त्यांच्या बोलीत रोपाला पाणी घालायचं ते एका शब्दानं, आणि मेलेल्यांना पाणी सोडायचं ते दुसऱ्याच शब्दानं. ही दोन कामं एक आहेत हे तिच्या स्वप्नातही येणार नव्हतं. लेकीनं विचारलं पाणी घालण्याबद्दल. आई खरं ते बोलली. आणि लेकीनं विश्वास ठेवला, तेही बरोबरच केलं. सगळे बरोबर होते, आणि डबीत एकच बी उरली होती.

तीही रुजली. बुनलॉमचं शेवटचं रोप. त्याला पहिली पानं फुटली त्या दिवसांत कधीतरी बाजारात दुधाची कढई कलंडली, कन्निकाचा हात भाजला, आणि हाताला ओलं फडकं गुंडाळून ती भल्या सकाळीच घरी आली. दारातच थांबली. सिम्मा माझ्यापुढं वाकलेली होती, वाटी तिरकी, ओठ हलताहेत.

"आई! तू म्हणालीस पाणी घालत नाहीस!"

"घालत नाहीच," सिम्मा वाटी निथळवत म्हणाली. "बाबांना सोडतेय. हाताला काय झालं तुझ्या? बघू!"

कन्निकानं हात पुढं केला. फडकं सोडवून घेताना आईच्या डोक्यावरून ती माझ्याकडं बघत होती. मी जळत होतो. बोल ना! मनातल्या मनात मी ओरडत होतो. तुला तोंड आहे, जीभ आहे! पण काय बोलणार होती ती? की आई, तू रोज सकाळी त्यांची झाडं त्यांच्याच नावानं बुडवलीस?

संध्याकाळी तिनं चाचपून पाहिलं. "आई, बाबांना जरा थोडं सोडत जा ना पाणी."

"थोडं? गेलेल्या माणसाची तहान थोडी असते होय?"

मग तिनं रानतुळशीची कुंडी आणून खिडकीत ठेवली. "आई, उद्यापासून इथं सोड."

"ही बाजारातली. ही कुठली ओळखतेय तुझ्या बापाला?"

तिनं बुनलॉमचं रोप कपाटाच्या वरच्या फळीवर चढवलं आणि मलाही दांडीला भिडवलं. दुसऱ्या दिवशी परत आली तर म्हातारी दुखरे गुडघे घेऊन मोडक्या स्टुलावर चढलेली, एका हातात वाटी, एक हात माझ्या साखळीला. माझी दांडी वाकली, मी जीव एकवटून धरून राहिलो. कन्निकानं आईला कमरेला धरून उतरवलं. मग रोपही उतरवलं. जिथं होतं तिथंच पुन्हा ठेवलं.

आणि मग ती रोज त्याच्याकडं बघत राहिली, मी बघतो तसं. देठ बारीक होताना आम्ही दोघांनी पाहिला.

आता मी पुन्हा लुंग चुअपच्या दुकानात आहे, एका माशांच्या टाकीवर. जुना माल. कुणी नेईल, कुठल्या तरी कपाटात टांगेल. जो नेईल त्याला माझं हात नसलेल्याचं हात जोडून सांगणं आहे: दिवा नीट टांग, वारा दे, पाण्याआधी मातीत बोट घाल, हे सगळं तू शिकशीलच. पण घरातल्या माणसाला विचारशील तेव्हा 'पाणी घातलंस का' एवढंच विचारू नकोस. 'पहाटे मी नसताना तू काय करतेस,' असं विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत जवळ बस.

मला परत करायला कन्निका आली तेव्हा लुंग चुअप टाकी पुसत होता. तिनं त्याला पहिल्यापासून सारं सांगितलं. त्याचा हात काचेवर थांबला.

"आईला कळलं?"

"नाही. रोप हवामानानं गेलं असं सांगितलं. ती अजून त्याच रिकाम्या कुंडीत सोडते. म्हणते, रुजेल परत."

"आणि जेवण?"

"दोन गोळे."

लुंगनं मला टाकीवर टांगलं, पेटवलं. मासे वर आले. मग तिच्याकडं न बघताच तो म्हणाला,

"म्हणजे पाणी पोचलं म्हणायचं, पोरी. म्हातारा नुसत्या पाण्यावर भागवणारा नव्हता, रोपंही घेऊन गेला."