ओढ्यापलीकडचं हरीण

"नाना, च्या ऱ्हाऊ दे. आधी ती तुजी घार उडीव," नाथाजी उंबऱ्यातूनच म्हणाला.

लालासाहेबांनी बशी खाली ठेवली नाही. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस सकाळचा चहा अर्धा टाकत नाही.

"बिबट्या दिसला का?"

"बिबट्या न्हाई, हरीण हाय. भूपालच्या फडात शिरलंय. लंगडतंय लय. आन् टोळी आलीया ऊस तोडाय."

"भावजी, हरणाची येवढी माया कवापासनं?" लालासाहेबांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी आतून विचारलं. "गेल्या दिवाळीला डुकरामागं कुत्री घालणारं तुमीच न्हवं?"

"वैनी, मुका जीव हाय त्यो," नाथाजी म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

लालासाहेब हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी गाव त्यांना मेजर म्हणतं. गावात त्यांच्याइतका कायद्याने चालणारा माणूस दुसरा नाही, आणि त्याची चेष्टाही भरपूर होते. रस्त्यावरचं कुत्रं हाकलायला मेजर पंचायतीची परवानगी मागतील, असं पोरं म्हणतात. उसात बिबटे राहायला लागले तेव्हा त्यांनी ड्रोन चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला, थर्मल कॅमेरा बसवलेला ड्रोन घेतला. गाव त्याला घारच म्हणतं. अंगात ऊब असलेलं जनावर त्याच्या पडद्यावर पांढरं दिसतं. आता आसपासच्या गावांत लालासाहेबांनी वरून पाहून हो म्हटल्याशिवाय टोळी फडात कोयता घालत नाही. वनखात्याने त्यांना तसं पत्रही दिलं आहे. त्यांनी ते प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि तेव्हापासून ते ड्रोनच्या पेटीत असतं.

नाथाजी त्यांचा चुलतभाऊ. लालासाहेब सरहद्दीवर असताना त्यांचं रान यानं केलं, म्हातारा-म्हातारीला दवाखान्यात यानं नेलं. म्हातारा गेला तेव्हा लालासाहेब अरुणाचलात होते, बर्फाने वाट बंद होती. अग्नी नाथाजीनं दिला. त्यामुळे नाथाजीला नाही म्हणायची लालासाहेबांना सवयच उरली नव्हती.

तरी त्यांनी आधी फोन लावला. वनरक्षक संयोगिता कराडहून निघायच्या तयारीत होती.

"काका, उडवू नका," ती म्हणाली. "तुमच्या पत्रात बिबट्या लिहिलाय. आणि ओढ्यापलीकडं माझी हद्द नाही, तो सांगली जिल्हा. मी तिकडच्या गार्डला कळवते, बचाव पथक मागवते."

"आन् तवर?"

"तोवर तोड थांबवा, माणसं लांब ठेवा. बिबट्या डोक्यावर ड्रोन आला तरी दबून बसतो. हरणाचं तसं नसतं. जखमी असलं तरी उठून पळतं, आणि तसं पळालं की भीतीनंच छाती बंद पडते. मी येतेच. काही करू नका."

"बरं," लालासाहेब म्हणाले आणि ड्रोनची पेटी घेऊन नाथाजीच्या गाडीवर बसले. पेटी सोबत असली म्हणजे उडवावंच लागतं असं थोडंच आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ओढ्याच्या अलीकडे लालासाहेबांचं रान, सातारा जिल्ह्यात. पलीकडे भूपालचा ऊस, सांगली जिल्ह्यात. मध्ये गुडघाभर पाणी आणि करंजाची झाडं. भूपालनं तोड आधीच थांबवली होती. टोळीची माणसं बांधावर चूल मांडून बसली होती.

"मेजर, त्येला पडू द्या निवांत," भूपाल पलीकडून म्हणाला. "माज्या रानात इसाव्याला आलंय. फड काय पळून जात न्हाई. चार दिस लागले तरी लागू द्यात."

"पडू दे म्हंजी मरू दे, व्हय?" नाथाजी उसळला. "जखम सडंल त्येची. किडं पडतील. ह्येला अहिंसा म्हणायचं?"

भूपाल जैन. देवळात जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस. त्यानं फडाकडे मान वळवली. नाथाजीचं बोलणं चुकीचं होतं असंही नव्हतं.

"आन् टोळी का बसून ऱ्हाणार हाय?" नाथाजी पुढे म्हणाला. "आज न्हाई तर उद्या तोडतीलच."

फड संपत आला की काय होतं हे तिघांनाही माहीत होतं. तोड चारही बाजूंनी आत सरकते आणि शेवटच्या तीन-चार सऱ्यांत ससे, डुकरं, मुंगसं सगळी गोळा होतात. तोवर गावातली पोरं काठ्या आणि कुत्री घेऊन भोवतीनं उभी असतात. पूर्वीपासूनची ती रीत आहे. जे बाहेर पडेल ते ज्याच्या हाती लागेल त्याचं. लंगडं हरीण तिथून सुटणं शक्य नव्हतं.

"नुस्तं बघ तरी, नाना," नाथाजी खालच्या आवाजात म्हणाला. "कुटं हाय, किती लागलंय. बघायला बी परवानगी लागती का रं?"

लालासाहेबांनी पेटी उघडली. मात्र ओढा ओलांडला नाही. आपल्याच बांधावरून त्यांनी ड्रोन वर नेला. म्हणजे उड्डाण सातारा जिल्ह्यातून झालं, सांगली जिल्ह्यात फक्त नजर गेली. कायद्याने चालणाऱ्या माणसाला कायद्यातली फट लगेच सापडते.

थंडीचे दिवस होते आणि ऊन अजून वर आलं नव्हतं. पडद्यावर सगळा फड काळसर दिसत होता. मधोमध, जिथे ऊस वाऱ्याने लोळला होता, तिथे एक पांढरा डाग होता. लालासाहेबांनी साधा कॅमेरा लावला आणि जवळ ओढला. चितळाचा नर. मान ताठ, कान वर. पुढचा एक पाय त्याने पोटाखाली घेतला नव्हता. तो तसाच बाजूला पडला होता आणि त्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"कुत्र्यांनी धरलं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "फासा हाय."

नाथाजीचा हात खिशाकडे गेला.

तारेच्या फाशाला दोरी होती आणि दोरीच्या टोकाला उपटून आलेली खुंटी. दोरी हिरवी वाटत होती. लालासाहेबांनी शेवटच्या पोस्टिंगवरून तसलीच हिरवी दोरी आणली होती आणि निम्मी नाथाजीला दिली होती, बैलांच्या दावणीसाठी. पण हिरवी दोरी बाजारातही मिळते. उसाच्या पाल्यात काहीही हिरवंच दिसतं.

इथंच थांबायला हवं होतं. जागा कळली होती, जखम कळली होती, यापुढे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण लालासाहेबांना आता हरीण बघायचं नव्हतं. ती दोरी आपली नाही एवढंच त्यांना बघायचं होतं. नाथाजी शेजारी उभा होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला विचारायचं सोडून त्यांनी ड्रोन ओढ्यापलीकडे नेला आणि फडावर खाली घेतला.

"खाली नगं, नाना," नाथाजी म्हणाला.

ते आणखी खाली आले. पात्यांच्या वाऱ्याने पाला हलला, बाजूला झाला आणि खुंटीवरची गाठ दिसली. दुहेरी वेढा, टोक आत खोचलेलं. तंबूच्या खुंटीला मारतात ती फौजी गाठ लालासाहेबांनीच अंगणात बसून नाथाजीला शिकवली होती. म्हैस कितीही ओढू दे, सुटायची नाही, म्हणाले होते.

तेवढ्यात चितळ उठलं.

पडद्यावरून ते नाहीसं झालं आणि फडात ऊस कडाकडा मोडल्याचा आवाज आला. टोळीतली माणसं उभी राहिली. भूपाल "गप बसा, गप बसा" म्हणून ओरडत होता. चितळ तीन पायांवर फडाबाहेर पडलं, उतारावरून ओढ्याकडे आलं आणि खुंटी करंजाच्या मुळीत अडकली. हिसका बसून ते पाण्यात आडवं झालं. पाय झाडले, एकदा मान वर उचलली, मग मान पाण्याच्या कडेला टेकली. लालासाहेब पोचले तेव्हा डोळे उघडे होते, पण पोट हलत नव्हतं. संयोगितानं फोनवर सांगितलं होतं तसंच सगळं झालं होतं.

भूपाल चपला काढून ओढ्यात उतरला. हरणाच्या कानाशी उकिडवा बसला आणि हात जोडून णमोकार मंत्र म्हणू लागला. ते गेलं आहे हे त्यालाही दिसत होतं. तरी त्याने पूर्ण म्हटला.

नाथाजीनं खिशातून पक्कड काढली. ती तो सकाळपासून खिशात घेऊन फिरत होता. हरणाची माया कवापासनं, या अंजनाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता लालासाहेबांना मिळालं.

"तार काढतो, नाना. कुत्र्यांनी मारलं म्हणू. ती बया यायच्या आत."

"ठेव ती खिशात."

"डुकरासाटी लावला व्हता रं! निम्मा मका खाल्ला त्यांनी. हरणासाटी न्हवता, आईच्यान. मला वाटलं, घावलं तर तार तोडीन, हळद लावीन, जाऊ दे. मला का त्येला मारायचं व्हतं?"

"माहीत हाय," लालासाहेब म्हणाले. त्यांना खरंच माहीत होतं. आणि नाथाजीनं फासा लावला होता, पण हरीण मेलं ते आपल्या ड्रोनमुळे, हेही माहीत होतं.  इतकी वर्षं बंदूक बाळगली, पण हातून असं कधी झालं नव्हतं.

संयोगिता आली ती गाडी बांधावर टाकून पळतच खाली आली. आधी हरणाकडे पाहिलं, मग बांधावरच्या ड्रोनकडे.

"उडवलात?"

"व्हय."

"मी नको म्हणाले होते ना, काका?"

"व्हय. म्हणाला व्हता."

 मग तिने फोटो काढले, बचाव पथकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि जीप मागवली.

"नकाशात हा ओढा आमच्याकडं येतो," ती म्हणाली. "जिवंत होतं तोवर माझ्या हद्दीत नव्हतं. आता आहे." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. बोलताना ती हरणाकडेच बघत होती.

मग तिने खुंटी उचलून पाहिली. "दोरी कुणाची?"

"माजी," लालासाहेब म्हणाले. "फौजेतनं आणलेली."

नाथाजीनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका झाल्यासारखं दिसलं. दोरी नानाची, ड्रोन नानाचा. आता नानानंच सगळं अंगावर घेतलं तर? लालासाहेबांना ते स्पष्ट दिसलं आणि मेलेल्या हरणापेक्षाही ते जास्त लागलं. अंगावर घ्यायला त्यांना जड नव्हतं. नाथाजीनं त्यांच्यासाठी जे केलं होतं त्याची फेड त्यात झाली असती. भूपालही खाली बघत होता. तोही काही बोलला नसता.

"आणि फासा? फासा कुणी लावला?"

ओढ्याचं पाणी हरणाच्या पोटाला लागून वळून जात होतं. लालासाहेबांनी नाथाजीकडे पाहिलं. त्यानं आपण होऊन सांगावं म्हणून थांबले. नाथाजी सांगेना.

"फासा ह्येचा," ते म्हणाले. "माज्या चुलतभावाचा. नाथाजीचा. तार त्येची, दोरी माजी आन् उडीवलं मी. दोगांचीबी नावं लिवा."

नाथाजीनं मान खाली घातली. मग इतक्या हळू बोलला की संयोगिताला ते ऐकूही गेलं नसेल.

"तुज्या बाला अग्नी मी दिला व्हता, नाना."

"व्हय गड्या," लालासाहेब म्हणाले. "त्ये मी कवाच इसरणार न्हाई."

जीप आली. दोघांचे जबाब कराडला होणार होते. चौघांनी मिळून चितळ उचललं आणि मागच्या बाजूला, दोन बाकांच्या मध्ये ठेवलं. ड्रोनची पेटी संयोगितानं पुढे आपल्याजवळ घेतली. मागे एका बाकावर लालासाहेब बसले, समोरच्या बाकावर नाथाजी. भूपाल बांधावर उभा होता. टोळीला सुरू करा म्हणून त्याने अजून सांगितलं नव्हतं.

रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी पार उखडलेला होता. जीप खड्ड्यात गेली की हरणाचं डोकं सरकायचं आणि शिंगं पत्र्यावर आपटायची. दोघंही एकमेकांकडे न बघता तो आवाज ऐकत होते. लालासाहेबांनी पाय पुढे करून डोकं अडवून पाहिलं, पण ते पुन्हा सरकलं.

मग नाथाजी बाकावरून खाली उतरला, पत्र्यावर मांडी घालून बसला आणि त्याने ते डोकं मांडीवर घेतलं. एका शिंगाला त्याने हात धरला. दुसरं शिंग लालासाहेबांनी वाकून धरलं. मलकापूर ओलांडून कराडचा चांगला रस्ता लागला तरी दोघांनी हात काढले नाहीत.