बागेच्या शेडमधली पत्रं

बुधवारी सकाळी सव्वासात वाजता राजश्री जाधव ईलिंगमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये पोह्यांवर झाकण ठेवत होती. ती कम्युनिटी नर्स. घरोघरी जाऊन इन्सुलिन टोचायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. आज यादीत बारा पेशंट होते, आणि पहिल्या आजीबाई अशा की नर्स पोचल्याशिवाय त्यांना न्याहारी करता येत नाही. त्यामुळे गाडी वेळेवर निघणं हे तिच्या घरात नवऱ्याच्या चहापेक्षा मोठं काम होतं.

दारावर थाप पडली. बेल असताना थाप.

अकरा वर्षांची ईरा खिडकीशी धावली. "मम्मी, एक मोठा माणूस आलाय. त्याच्या छातीवर कॅमेरा आहे."

राजश्रीने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. माणूस सभ्य होता, दाढी केलेला. त्याने ओळखपत्र दाखवलं आणि आपण एन्फोर्समेंट एजंट आहोत असं सांगितलं. साध्या भाषेत बेलिफ. त्याच्या मागे, रस्त्यावर, त्याचा जोडीदार तिच्या निळ्या गाडीच्या चाकाला पिवळा लोखंडी जबडा बसवून मोकळाही झाला होता.

"पाचशे साठ पौंड," तो म्हणाला. "कार्ड चालेल."

"कसले?"

"दहा ऑक्टोबर. चौकात रस्त्यावर रंगवलेल्या पिवळ्या जाळीत तुमची गाडी उभी होती. जाळीत थांबायला मनाई आहे."

दहा ऑक्टोबर म्हणजे घर बदलल्याचा दिवस. गाडीच्या टपावर गादी बांधलेली, मागच्या सीटवर ईरा आणि कुंड्या, आणि पुढची लॉरी अचानक थांबलेली. राजश्रीला तो चौक लख्ख आठवला.

"दंड झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मला एकही पत्र आलं नाही."

"चार पाठवलीत. गाडीच्या कागदांवर जो पत्ता आहे त्यावर. हॅरोच्या." रोज दहा दारांत हेच वाक्य ऐकणारा माणूस हसतो तसा तो हसला. "मागच्या आठवड्यात आम्ही तिथं गेलो होतो. त्या बाई फार चांगल्या. तुमचा हा पत्ता लगेच लिहून दिला, फ्लॅट नंबरासकट."

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. चूक राजश्रीची होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. घर बदलल्यावर तिने लायसन्सवरचा पत्ता बदलला, डॉक्टरांकडचा बदलला, कौन्सिलला कळवलं. गाडीच्या कागदांवरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तरीही हरकत नव्हती, कारण थोडे पैसे भरले की पोस्टवाले जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर आणून देतात. प्रणय, तिचा नवरा, ते करायला निघालाही होता. तेव्हा हॅरोच्या घरमालकीण वरदाकाकू म्हणाल्या होत्या, "अगं, परक्यासारखं काय करता? पत्रं आली की मी फोन करीन ना!" झालं. आपली माणसं असताना पोस्टाला पैसे दिले तर काकूंचा अपमान केल्यासारखं होईल, असं राजश्रीला वाटलं. इंग्रज घरमालकाच्या बाबतीत ती इतकी भाबडी राहिली नसती.

"आत बसून बोलू या का?" बेलिफने विचारलं. "बाहेर थंडी आहे."

बोलता बोलता राजश्रीने धम्मशीलाला फोन लावला होता. ती साखळीला हात घालणार तोच कानाला लावलेल्या फोनमधून धम्मशीला ओरडली. धम्मशीला तिची जुनी मैत्रीण. दर रविवारी विहारात बसून लोकांचे सरकारी कागद भरून देते. "आत घेऊ नकोस! या दंडासाठी त्याला दार तोडता येत नाही. पण तू होऊन आत घेतलंस, तर तो टीव्हीपासून सोफ्यापर्यंत यादी करेल."

दार बंद झालं. बेलिफने फटीतून कागद सरकवला. दोन वाजेपर्यंत पैसे भरले नाहीत तर ट्रक येऊन गाडी नेणार होता.

"देऊन टाकू गं," प्रणय हलक्या आवाजात म्हणाला. तो घरूनच काम करायचा, आणि आता पायजम्यावर खिडकीच्या पडद्याआड उभा होता. "समोरचे सगळे बघतायत. इज्जतीचा पंचनामा चाललाय."

"महिन्याचं भाडं शुक्रवारी जायचंय, प्रणय."

"मग करायचं काय?"

ते धम्मशीलाने सांगितलं. कोर्टाकडे उशिराचा अर्ज करायचा. पत्रं मिळालीच नाहीत म्हणून मुदत हुकली, हे कारण लिहायचं. अर्जाची पोच मिळाली की निकालापर्यंत गाडी उचलता येत नाही. अर्ज मान्य झाला तर नुसता मूळचा दंड भरायचा, वरचं चढलेलं सगळं गळून पडतं. "पण पुरावा जोड. त्या काकूंकडून दोन ओळी लिहून घे. पत्रं इथं आली, आम्ही तिला कळवलं नाही. बस."

राजश्रीने मॅनेजरला फोन केला. मॅनेजरबाईंनी बारा पेशंट दुसऱ्यांत वाटून दिले, आणि शांतपणे सांगितलं की गाडी नसलेल्या नर्सला हा राउंड ठेवता येणार नाही, शुक्रवारपर्यंत काय ते कळव. मग ईराला शाळेत सोडून, अर्जाचा नमुना शोधण्यात दोन तास घालवून, अकराच्या सुमाराला राजश्री हॅरोच्या बसला उभी राहिली.

त्या घरात वरच्या दोन खोल्यांत ते सोळा महिने राहिले होते. स्वयंपाकघर खाली, दोन्ही कुटुंबांत मिळून. मालक माधवकाका निवृत्त डॉक्टर, मराठी मंडळाचे मोठे मानकरी. 'जातपात आपण विमानतळावरच सोडून आलो' असं भाषण दर गणपतीत करणारे. जाधव हे आडनाव सगळ्यांतच असतं, म्हणून खोल्या लगेच मिळाल्या. तिसऱ्या महिन्यात काकू सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन जिना चढून आल्या. दारातून त्यांना भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो दिसले. "थांब हं, अजून थोडा शिरा घालून आणते," असं म्हणून त्या ताटली घेऊन खाली गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत. पुढे कपाटातला खण वेगळा झाला. मग भांडी. मग "तुमचा छोटा फ्रिज वरच ठेवा ना, तुम्हालाच सोयीचं." शेवटी खोल्या पाहिजेत म्हणून निरोप आला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. सगळं कसं गोडीगुलाबीत.

आणि राजश्रीही गप्प बसली. मंडळात कुणी विचारलं की ती सांगायची, "ईलिंगहून काम जवळ पडतं." हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की आता तिला स्वतःचाच राग येत होता. मुखी राम बगलेत सुरी, हे काकूंचं झालं. पण ती सुरी कुणाला दिसू नये म्हणून पदर कोणी धरला होता?

हॅरोच्या घराची बेल वाजवली तेव्हा बारा वाजून गेले होते. काकूंनी दार अर्धं उघडलं.

"अगं राजश्री! फोन करून यायचं नाही का?"

"काकू, माझी पत्रं न्यायला आलेय."

"हो हो, ठेवलीयत ना जपून! थांब हं." दार लागलं. दोन मिनिटांनी घराच्या बाजूचं लाकडी फाटक उघडलं आणि काकूंनी तिला बोळातून मागच्या बागेत नेलं. त्यांच्या हातांत बागकामाचे हातमोजे होते. शेड उघडून, गवत कापायच्या यंत्रामागून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी दोन बोटांत धरून काढली. राजश्रीने हात पुढे केला. काकूंनी पिशवी तिच्या हाताशेजारून नेऊन फरशीवर ठेवली.

"घे."

राजश्री वाकली. पिशवीत ओलीने फुगलेली पाकिटं, वर गोगलगायींच्या चकाकत्या रेघा, तळाशी काळपट पाणी. कौन्सिलची, कोर्टाची, बेलिफांच्या कंपनीची. आणि एक हॉस्पिटलचं, ईराच्या डोळ्यांच्या तपासणीचं. तारीख डिसेंबरची, केव्हाच उलटून गेलेली.

"आत का नाही ठेवलीत?"

"आत जागा कुठंय गं?" काकू हसल्या. मग, जणू ही अगदी रास्त अडचण आहे अशा स्वरात म्हणाल्या, "आणि हॉलमध्ये देवघर आहे ना आमचं."

राजश्री नर्स होती. कुजलेल्या टाचा, पू, मलमूत्र, सगळं तिने हसतमुखाने स्वच्छ केलं होतं, आणि हातमोजे कशासाठी घालतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आज या नीटनेटक्या बागेत, या इस्त्रीच्या सलवार-कुडत्यापुढे तिने उघड्या हाताने एक पाकीट पुसून त्यावरचं नाव वाचलं. कौन्सिलच्या कारकुनाने यंत्रात घालून पाठवलेलं पाकीट! त्यावर फक्त तिचं नाव छापलेलं, तर त्या नावाचासुद्धा विटाळ?

"फोन का नाही केलात, काकू?"

"विसरले गं."

"बेलिफला माझा पत्ता देताना बरा आठवला."

"अगं, तो दारात उभा! शेजारी बघत होते. असले लोक आमच्या दारात आजवर कधी आले नव्हते."

एवढ्यात माधवकाका सपाता घालून बाहेर आले. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं असावं. "काय झालं, राजश्री? दंड ना? किती? पाचशे साठ? मी आत्ता ट्रान्सफर करतो. आमच्याकडून हलगर्जी झाली, मान्य आहे."

राजश्रीच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. एक वाजायला आला होता. हो म्हटलं की चाक मोकळं, राउंड शाबूत, शुक्रवारचं भाडंही जागेवर.

"फक्त ते अर्जबिर्ज नको," काका पुढे म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना फार वेळ जमलं नाही. "उगाच कागदावर काही येतं, मग मंडळात विषय निघतो. तुला कळतंय ना?"

"काका, मला पैसे नकोत. दोन ओळी हव्यात. पत्रं आली, शेडमध्ये ठेवली, कळवलं नाही. आणि खाली सही."

"देतो की! 'ओलीमुळे पत्रं खराब झाली' असं लिहितो."

"शेडमध्ये का ठेवली ते?"

काका काकूंकडे बघायला लागले, काकू हातमोज्यांकडे. "हे बघ, वरदाची श्रद्धा आहे. मी त्यात पडत नाही. मी स्वतः जात मानत नाही, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. जात न मानणारी ही माणसं एकाच छताखाली चाळीस वर्षं बायकोच्या हातचं सोवळं जेवतात, आणि व्यासपीठावर जाऊन समतेची ढेकर देतात. पाळणारी परवडली, तिच्या हातात निदान हातमोजे दिसतात.

"मग तुमची सही राहू दे, काका," राजश्री म्हणाली. "हा पुरावा पुरे." तिने शेडचा, पिशवीचा आणि पाकिटांवरच्या तारखांचा फोटो काढला आणि बोळातून बाहेर पडली.

घरासमोर एक बुटकी विटांची भिंत होती. तिथेच ती बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि फोनवर अर्ज उघडला. प्रणयचा मेसेज आला होता: 'काय झालं?' तिने लिहिलं, 'काका पैसे देत होते. घेतले नाहीत.' उत्तर आलं, 'ठीक. मी गाडीपाशी जाऊन उभा राहतो.' पायजमा बदलून की तसाच, हे त्याने लिहिलं नव्हतं, पण लोकांसमोर उभा राहणार होता एवढं खरं.

अर्जाच्या शेवटी एक वाक्य होतं: वरील मजकूर खरा आहे, जाणूनबुजून खोटं लिहिल्यास शिक्षा होऊ शकते. राजश्रीने ते दोनदा वाचलं. तिला आजवर कुणी असं बजावलंच नव्हतं. खोटं बोल, जुळवून घे, कशाला वाढवतेस, हेच सगळे सांगत आले होते.

मागे दार वाजलं. काका लगबगीने फाटकाशी आले.

"राजश्री, अगं आत ये. रस्त्यावर काय बसतेस? शेजारी बघतायत. हॉलमध्ये बस, चहा घेऊ, शांतपणे बोलू."

"सोळा महिने राहिले, काका. हॉलमध्ये बस असं आज पहिल्यांदा म्हणालात."

"तसं नाही गं..."

"मी इथंच बरी आहे. बघू देत शेजाऱ्यांना."

काका फाटकाला धरून उभे राहिले. त्यांना ना पुढे येता येईना, ना मागे जाता. समोरच्या घरातली म्हातारी इंग्रज बाई कचऱ्याचा डबा घ्यायला म्हणून आली आणि तिथंच रेंगाळली.

राजश्री लिहू लागली. उशिराचं कारण, या चौकटीत तिने घर बदलल्याची तारीख लिहिली, गाडीचे कागद बदलायचे राहिले ही आपली चूक लिहिली. मग लिहिलं की माझ्या नावाची पत्रं या पत्त्यावर चार महिने येत होती. घरमालकांकडे माझा फोन नंबर आणि पत्ता होता. त्यांनी ती घरात घेतली नाहीत आणि मला कळवलंही नाही, माझ्या जातीमुळे. 'कास्ट' हा शब्द लिहिताना तिचा अंगठा थांबला. लंडनमधल्या कामाच्या ठिकाणी, पार्टीत, मंडळात, कुठेही तिने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. तिने तो लिहिला, फोटो जोडले आणि अर्ज पाठवून दिला.

एक पस्तीसला पोच आली. तिने ती बेलिफांच्या कंपनीला पाठवली आणि पिशवी उचलून बस स्टॉपकडे निघाली. कोर्टातला जो कुणी कारकून तो अर्ज उघडेल, त्याला त्या शब्दाचा अर्थ कदाचित कळणार नाही. पत्रांचा आणि जातीचा काय संबंध, असं तो विचारील. विचारू दे. या वेळी ती सांगणार होती.