घरात लहान मूल

मृण्मयी मोठी होऊन रॉटरडॅमला नोकरीला गेली, पण पाच वर्षांची मृण्मयी कराडच्या फ्लॅटमध्येच राहिली. कुमुदताईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट बरंच झालं, म्हणाल्या. मुली परदेशी गेल्या की आयांना घर खायला उठतं. यांच्या घरी रोज दूधभात मागणारं कुणीतरी होतं.

अडचण तिकडे होती. इथे कुमुदताईंनी छोटीला भरवलं की तिकडे मोठीचं पोट भरे आणि तिचा डबा तसाच परत जाई. इथे दुपारी थोपटून निजवलं की तिकडे ती सकाळच्या मीटिंगमध्ये मान टाकी. पाच वर्षांच्या मुलीच्या घासांवर मोठी बाई किती तग धरणार? पोरगी वाळून काटकी झाली होती.

"आई, तिला आता सोड," ती फोनवर म्हणाली. "सोबत हवी तर कुत्रं घ्या एखादं. छोटंसं, पॉमेरेनियन. मांडीवर बसून राहतं."

"आणि ही कुठे जाईल?"

"मला काय माहीत, आई? माझ्या अंगात आता उभं राहायची ताकद नाही."

म्हणून रविवारी इनामदार बाई आल्या. त्या पिल्लं देत, पण घर बघितल्याशिवाय नाही. मुलगी द्यायची असावी तशी सगळी चौकशी. कुमुदताईंनी पोहे केले. बाईंनी पर्समधून पिल्लू काढून रिकाम्या बशीत ठेवलं. ते त्यात मावून वर चमच्यापुरती जागा उरली. पाय उदबत्तीएवढे.

"आपल्या घराला झेपेल ना हे?" कुमुदताईंनी विचारलं.

"तेच बघायला आलेय. सोफा उंच आहे तुमचा. उडी मारली तर पाय जाईल त्याचा."

सोफा वीतभर खाली बसला.

"आणि छत फार वर आहे. बिचकतं ते."

छतही उतरलं. कुमुदताईंचे यजमान दिगंबरराव उंच होते, त्यांनी मुकाट्याने मान वाकवली.

पिल्लू घर हुंगत फिरू लागलं. मागोमाग छोटी, दोन्ही हात पाठीशी बांधून. हात लावायचा नाही, असं कुमुदताईंनी सकाळी बजावलं होतं आणि ती गुणी पोर ऐकत होती. हट्ट करती, आदळआपट करती तर सोपं गेलं असतं.

"घरात लहान मूल?" बाईंनी विचारलं. "मुलं उचलतात आणि पाडतात. मूल असलेल्या घरी मी देत नाही."

छोटी बाईंच्याच गुडघ्याला टेकून उभी होती.

दिगंबररावांनी आपली बशी पुढे ओढली. बापांना नेमकं अशा वेळी पोह्यांतले शेंगदाणे वेचायचे असतात.

कुमुदताईंच्या डोळ्यांपुढे ती तिकडची काटकी आली. "नाही," त्या म्हणाल्या. "मूल नाही घरात."

छोटीचे डोळे चमकले. तिला वाटलं, लपाछपी सुरू झाली. हसू दाबत ती दिवाणाखाली शिरली.

पिल्लू कुमुदताईंच्या मांडीवर चढलं आणि लगेच झोपी गेलं.

"रुळलं की!" बाई उठल्या. "एवढं मात्र सांभाळा. झोपलं की तुम्ही हलायचं नाही. मांडीवरून पडलं तर वाचत नाही."

दिगंबरराव वाकून चालत त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. दार ओढलं गेलं.

"आई, शोध ना!" दिवाणाखालून आवाज आला.

कुमुदताई बसून राहिल्या. छत आणखी खाली आलं आणि त्यांच्या केसांना टेकलं. त्यांना रडू फुटलं, पण हुंदक्याने मांडी हलली असती, म्हणून त्या हुंदका न देता रडल्या.

बराच वेळ दिवाणाखाली काही हललं नाही. मग पुन्हा आवाज आला, आणि तो मोठ्या बाईचा होता.

"आई, इथे फार अंधार आहे गं. मी सापडत नाहीये का तुला?"

कुमुदताईंनी ओ द्यायला तोंड उघडलं. मांडीवर पिल्लाचा कान हलला, आणि त्यांनी घाईघाईने त्यावर तळहात ठेवला.